सेकंडहँड रेंजफाइंडर लेन्स घेण्याआधी: काच, कॅम आणि इन्फिनिटी

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स धुरकट असेल तर डोळा लावताच शंका येते, कारण आपण त्या लेन्समधूनच बघत असतो. रेंजफाइंडरमध्ये बघायची खिडकी वेगळी आणि फोटो काढणारी काच वेगळी. लेन्सवर टोपण तसंच राहिलं तरी व्ह्यूफाइंडरमधून सगळं लख्ख दिसतं. त्यामुळे दुकानात लेन्स कॅमेऱ्याला लावून, खिडकीतून बघून ‘मस्त आहे’ म्हणण्याला इथे काही अर्थ नाही. खोट कळते ती रोल धुऊन आल्यावर, आणि तोवर पैसे गेलेले असतात.

शिवाय ही लेन्स दोन कामं करते. एक प्रतिमा पाडण्याचं, आणि दुसरं, आपण आत्ता किती अंतरावर फोकस केलाय हे कॅमेऱ्याला कळवण्याचं. हे दुसरं काम लेन्सच्या पाठीमागची कड करते, बहुधा पितळी. तिला कॅम म्हणतात. फोकस रिंग फिरली की कॅम पुढेमागे सरकतो, बॉडीतल्या दांडीच्या टोकावरचं छोटं चाक ढकलतो आणि खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळतात. काच निर्मळ पण कॅम चुकीचा, अशा लेन्सने काढलेले सगळे पोर्ट्रेट कानावर फोकस होतात. विकणारे फोटो टाकतात ते मात्र पुढच्या काचेचे. पाठ कोणी दाखवत नाही.

इथे जे लिहिलंय ते दोन माउंटना, म्हणजे लेन्स बॉडीला जोडण्याच्या दोन पद्धतींना धरून आहे: लायकाचा जुना स्क्रू माउंट, म्हणजे एम३९ (व्यास ३९ मिमी, इंचाला २६ आटे), आणि १९५४ साली एम३ कॅमेऱ्याबरोबर आलेला लायका एम. कॅनन, निकॉन, मिनोल्टा, सोव्हिएत कारखाने, अलीकडचे फोग्टलेंडर आणि झाइस झेडएम या सगळ्यांच्या लेन्स या दोनपैकी एका माउंटवर सापडतात.

सोबत काय न्यायचं

अरुंद झोताचा छोटा एलईडी टॉर्च. मोबाइलचा चालतो, पण त्याचा उजेड पसरट असल्याने बारीक धुरकटपणा निसटतो. दहा पट मोठं दाखवणारं भिंग. ते नसेल तर कुठलीही ५० मिमीची लेन्स उलटी धरावी, साधारण पाच पट मोठं दिसतं. हवा मारायचा रबरी ब्लोअर. एक मोजपट्टीची टेप. लेन्सच्या मापाचा एखादा फिल्टर: बहुतेक सोव्हिएत ५० मिमी लेन्सना ४०.५ मिमी, लायकाच्या बऱ्याच ५० आणि ३५ मिमीना ३९ मिमी. आणि शक्य असेल तर आपली स्वतःची, रेंजफाइंडर नीट जुळवलेली बॉडी. स्क्रू लेन्स एम बॉडीवर बघायची असेल तर १ मिमी जाडीचा अडॅप्टर. स्क्रू माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिमी आणि एमचं २७.८ मिमी, तो फरक हा अडॅप्टर भरून काढतो.

काच पुसायचं द्रावण नेऊ नका. दुसऱ्याच्या लेन्सवर आपण कापड फिरवलं आणि नंतर ओरखडा दिसला, तर वाद नको.

आधी हे पाहा, की लेन्स रेंजफाइंडरचीच आहे

३९ मिमीचे आटे दिसले म्हणजे रेंजफाइंडर लेन्स, असं नाही. सुरुवातीच्या सोव्हिएत झेनिट एसएलआर कॅमेऱ्यांनाही ३९ मिमीचेच आटे होते, पण त्यांचं फिल्मपर्यंतचं अंतर ४५.२ मिमी. अशी लेन्स लायकावर चढते, घट्ट बसते, आणि १६.४ मिमी जास्त आत गेल्यामुळे कुठल्याच अंतरावर फोकस होत नाही. एनलार्जरच्या (निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायच्या यंत्राच्या) कित्येक लेन्सनाही हाच व्यास असतो. त्यांना फोकस रिंगच नसते, त्यामुळे त्या ओळखू येतात. झेनिटची लेन्स ओळखायची तर पाठीमागे पाहा. फोकस रिंग फिरवताना आट्यांच्या आत एखादी गोल कड किंवा जीभ पुढेमागे सरकताना दिसली पाहिजे. ती नसेल तर रेंजफाइंडरशी संबंध नाही. कॅननच्या ५० मिमी एफ/०.९५चंही एक टीव्ही रूप निघालं होतं, त्यालाही कपलिंग, म्हणजे कॅमेऱ्याला अंतर कळवणारी जोडणी नाही. समोरून बघताना दोघी बहिणी वाटतात.

मग नकली. फेड आणि झॉर्की या सोव्हिएत बॉड्यांवर ‘लायका’ कोरून, सोनेरी मुलामा देऊन, नाझी गरुड वगैरे उठवून विकण्याचा धंदा कित्येक वर्षं चालू आहे आणि मुंबईच्या चोरबाजारातही असा माल दिसतो. त्यावरच्या लेन्सवर ‘एलमार’ हे लायकाच्या लेन्सचं नाव लिहिलेलं असतं, आत असतं सोव्हिएत इंडस्टार. खऱ्या एलमार ५० मिमी एफ/३.५मध्ये अ‍ॅपर्चरची (उजेडाचं भोक लहानमोठं करणारी) पाती पहिल्या काचेच्या लगेच मागे असतात. इंडस्टार-२२मध्ये ती आणखी एक काच मागे असतात. टॉर्च मारला की पाती किती खोलवर आहेत ते दिसतं. बॉडीही सोबत असेल तर लेन्स काढून आत बघा: लायकाच्या रेंजफाइंडर दांडीला गोल चाक असतं, सोव्हिएत बॉडीला पाचरीसारखा तुकडा. इंडस्टार ही वाईट लेन्स नव्हे. फक्त एलमारच्या भावाने घेऊ नये.

सोव्हिएत लेन्सच्या अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा उत्पादनाचं साल सांगतात, आणि लाल रंगातलं दाराच्या चौकटीसारखं सिरिलिक अक्षर म्हणजे काचेवर कोटिंग, म्हणजे परावर्तन कमी करणारा पातळ थर आहे.

काच

टॉर्चची एक गोष्ट आधी समजून घ्यावी. जोरदार झोतात साठ वर्षांची कुठलीही लेन्स भयानक दिसते. नव्या लेन्समध्येसुद्धा धूळ दिसते. टॉर्च कशासाठी, तर काय आहे ते ओळखण्यासाठी. किती आहे ते ठरवायला खिडकीजवळचा साधा दिवसाचा उजेड.

दोन्ही टोपणं आणि फिल्टर काढा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. हात लांब करून लेन्समधून पांढऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आकाशाकडे बघा, सूर्याकडे नाही. मोठे डाग, निसटलेला डिंक, काचेचा पिवळेपणा इथेच कळतो. मग टॉर्च लेन्सच्या मागून, तिरका धरा, साधारण ३० ते ४५ अंशांत, म्हणजे झोत थेट डोळ्यात न येता काचा उजळतील. पार्श्वभूमी काळी हवी. काळा शर्ट किंवा कॅमेऱ्याची बॅग पुरते. लेन्स सावकाश फिरवा. हेच उलट बाजूने करा.

आता अ‍ॅपर्चर एफ/११ किंवा १६वर बंद करा आणि पुन्हा पुढून बघा. पाती आता पडद्याचं काम करतात: जो डाग पुढून अजूनही दिसतो तो पुढच्या गटात, जो नाहीसा झाला तो मागच्या गटात. या एका युक्तीने दुरुस्तीचा खर्च बराचसा ठरतो, कारण बऱ्याच ५० मिमी लेन्सचा एक गट सहज निघतो आणि दुसरा निघायला त्रास देतो.

धूळ म्हणजे वेगवेगळे चमकणारे कण. आत असली तरी चित्रावर परिणाम शून्याच्या जवळ. यावर घासाघीस करायची तर करा, पण यामुळे लेन्स सोडू नका. काचेतला एखादा बुडबुडाही तसाच. जुन्या ऑप्टिकल काचेत तो असायचा, कारखान्यातून तसाच यायचा. काचेच्या परिघावरचा काळा रंग सुटून कडेला पांढरे ठिपके दिसतात, तेही बहुतेक वेळा दिसण्यापुरतेच.

धुरकटपणा, ज्याला सगळे हेझ म्हणतात, हा मात्र या लेन्सचा खरा आजार. आरशावर हलकी वाफ सोडल्यासारखा एकसारखा दुधी पडदा. समोरच्या उजेडात दिसत नाही, तिरक्या टॉर्चमध्ये झटकन उठतो. कारण बहुधा हेलिकॉइडचं, म्हणजे फोकसच्या आट्यांचं ग्रीस आणि पात्यांवरचं तेल: उन्हात, गाडीत, कपाटात तापून त्याचा हलका भाग उडतो आणि जवळच्या, म्हणजे पात्यांच्या लगतच्या काचेवर बसतो. वेळेत उघडून पुसला तर निघून जातो. वर्षानुवर्षं राहिला तर काचेचा पृष्ठभागच खातो, आणि मग पुसून काही होत नाही; पडदा जातो, खाली बारीक खरवडल्यासारखी काच राहते. विकणाऱ्याने ‘फक्त क्लीनिंग करायला हवं’ म्हटलं तर मनात एक प्रश्न यावा: इतकं सोपं आहे तर विकण्याआधी केलं का नाही?

काही लेन्सची यात ख्याती आहे. लायकाची समरिट ५० मिमी एफ/१.५, समिटार, नळी आत ढकलून मिटवता येणारी जुनी समिक्रॉन, पातळ बांध्याची टेली-एलमारिट ९० मिमी एफ/२.८. कॅननच्या स्क्रू माउंटमधल्या ५० मिमी एफ/१.८ आणि एफ/१.२मध्ये पात्यांच्या लगेच मागचा पृष्ठभाग धरतो, आणि एफ/१.८मध्ये तो बरेचदा कायमचा खाल्लेला असतो. कॅनन ५० एफ/१.८ घेताना बाकी काही बघायला वेळ नसला तरी हा एक पृष्ठभाग बघाच: अ‍ॅपर्चर उघडं, टॉर्च पुढून तिरका, डोळा मागून. मिनोल्टाच्या सीएलई कॅमेऱ्यासाठीच्या एम-रोक्कोर २८ मिमी एफ/२.८मध्ये पुढच्या भागात पांढरे ठिपके पडतात, तेही तिथलंच ओळखीचं दुखणं.

पावसाळ्यात एसी दुकानातून लेन्स बाहेर आणली की तिच्यावर बाष्प धरतं, तो हेझ नव्हे. वीस मिनिटं थांबा आणि पुन्हा बघा.

बुरशी वेगळी दिसते. तिला फांद्या असतात: कोळ्याचं जाळं, बर्फाचा कण, कधी कडेकडून आत शिरणारी बारीक मुळं. मुंबई, कोकण, गोवा इथे चार महिने भिंती ओल्या असतात, आणि बंद कपाटातल्या लेन्सला याहून सुपीक जागा नाही. ती जिवंत आहे की मेलेली, हे डोळ्यांनी कळत नाही. कडेला दोन-तीन मिमी असेल आणि भाव त्या मानाने असेल तर उघडून साफ करता येते, पण बुरशीचं आम्ल कोटिंग खातं, त्यामुळे साफ केल्यावरही तिची रांगोळी मागे राहू शकते. मध्यभागी पसरलेली असेल तर नको.

जोडलेल्या काचा सुटणं हा तिसरा प्रकार. जुन्या लेन्समध्ये दोन काचा कॅनडा बाल्सम नावाच्या पारदर्शक डिंकाने चिकटवलेल्या असतात. डिंक सुटला की कडेपासून इंद्रधनुषी किंवा चंदेरी कोर दिसते, लेन्स फिरवली की तिचे रंग बदलतात. पुन्हा चिकटवून घेण्याचा खर्च बहुतेक लेन्सच्या किमतीपेक्षा जास्त. एखादी दुर्मीळ लायका सोडली तर सरळ परत द्यावी.

राहिले ओरखडे. पुसण्याचे ओरखडे हे केसाहून बारीक, गोल-गोल, टॉर्चमध्ये विणलेल्या जाळीसारखे. शर्टाच्या टोकाने पुसल्याचा हा इतिहास. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या लायका समारची पुढची काच मऊ होती आणि तिच्यावर कोटिंगही नव्हतं, त्यामुळे ओरखड्यांशिवायची समार क्वचितच दिसते. मिटवता येणाऱ्या जुन्या समिक्रॉनचीही पुढची काच मऊच. थोड्या ओरखड्यांनी धार कमी होत नाही, कॉन्ट्रास्ट कमी होतो, आणि उजेड समोरून आला की चित्रावर पांढुरका पडदा येतो. पुढच्या काचेवर एकच खोल ओरखडा असेल तर तो शंभर बारीक ओरखड्यांपेक्षा परवडतो. मागच्या काचेला मात्र सवलत देऊ नका. ती फिल्मच्या जवळ असते आणि तिच्यावरची खोट जास्त उठून दिसते. सोव्हिएत ज्युपिटर-१२ची मागची काच तर मोठी आणि बाहेर आलेली असते. टोपण न लावता कोणी टेबलावर टेकवली की तिच्यावरच घाव बसतो. ही लेन्स हातात घेतल्यावर आधी पाठच बघायची. तिची ही पाठ काही बॉड्यांमध्ये शटरपुढच्या भागाला टेकते, म्हणून आपल्या बॉडीवर चढवताना जोर लावू नये.

कोटिंग तपासायला ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पुरतं. लेन्स हळूहळू कलती करा. प्रत्येक पृष्ठभागावर एकेक निळसर, जांभळट किंवा सोनेरी पट्टी सरकते. एखाद्या पट्टीचा रंग मध्येच फिका पडला तर तिथलं कोटिंग गेलंय. आणि लेन्स पांढऱ्या कागदावर ठेवली आणि काच चहासारखी पिवळट दिसली, तर आत थोरियमयुक्त (किंचित किरणोत्सर्गी) काच असू शकते. सुरुवातीच्या काही मिटवता येणाऱ्या समिक्रॉनमध्ये ती होती. वापरायला हरकत नाही.

पाती

रेंजफाइंडर लेन्समध्ये अ‍ॅपर्चर स्प्रिंगने मिटत नाही, आपण हाताने फिरवतो. म्हणून एसएलआरसारखी पाती तेलामुळे अडकून बसत नाहीत आणि विकणारे ‘तेल आहे, पण चालतं’ म्हणतात. चालतं हे खरं. पण तेच तेल पुढे हेझ होतं. बघायचं ते हे: पाती कोरडी, सपाट, एकावर एक नीट बसलेली, पूर्ण बंद करताना कुठे वळलेलं पातं वर येत नाही ना. ज्युपिटर-९मध्ये पंधरा पाती आहेत, ज्युपिटर-३मध्येही पुष्कळ, आणि हौशी दुरुस्तीत एखादं वाकवून परत बसवलेलं आढळतं. भोक गोल असलंच पाहिजे असं नाही. इंडस्टार-६१ एल/डीमध्ये मधल्या अ‍ॅपर्चरला ते मुळातच चांदणीसारखं होतं. जुन्या लायकांवर ३.५, ४.५, ६.३, ९, १२.५ असे आकडे असतील तर तोही दोष नव्हे, ती जुनी मोजणी.

फोकस रिंग, आटे आणि अंगावरच्या खुणा

लेन्स कानाजवळ धरून रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. जड असली पण सगळीकडे सारखी जड असली, तर ग्रीस वाळलंय. स्वच्छ करून नवं भरता येतं. एकाच जागी अडकते म्हणजे नळीला मार बसलाय, ती ओव्हल झालीय. करकर वाजते म्हणजे आत वाळू. पहिलं दुरुस्त होतं, बाकीच्या दोन्हींत पैसे जातात.

मग ढिलाई. रिंग एका दिशेला फिरवून थांबा, उलट फिरवा. पुढची काच हलायच्या आधी रिंग किती फिरते? केसभर ठीक. दोन-तीन मिमी रिंग नुसतीच फिरत असेल तर पोर्ट्रेटचं फोकस नशिबावर. लेन्सचं पुढचं तोंड दोन बोटांनी हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. मिटवता येणाऱ्या लेन्समध्ये हे बाहेर ओढून, फिरवून लॉक केल्यावर करायचं. लॉक झालेली नळी डुगडुगता कामा नये.

स्क्रूच्या खाचा आणि काचेभोवतीच्या रिंगच्या दोन खाचा भिंगाखाली बघा. धार उडालेली, चकचकीत, ओरबाडलेली असेल तर ही लेन्स आधी उघडली गेलीय. उघडणं हा गुन्हा नव्हे. पण चुकीच्या पेचकसाने उघडणारा माणूस परत जोडतानाही चुकतो. हेलिकॉइडच्या आट्यांना एकापेक्षा जास्त सुरुवाती असतात. चुकीच्या जागी धरले की लेन्स फिरते झकास, पण इन्फिनिटीला, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसला पोहोचतच नाही, किंवा ओलांडून जाते. ज्युपिटर-८ आणि ज्युपिटर-३चा काचांचा गड्डा फोकसच्या नळीतून स्क्रूसारखा बाहेर येतो, आणि मध्ये कागदासारखी पातळ धातूची चकती असते. उघडताना ती पडते, हरवते, दुसऱ्या लेन्सची घातली जाते. दोन-तीन लेन्समधून एक जुळवलेल्या ज्युपिटर बाजारात पुष्कळ आहेत.

लायकाच्या ५० मिमी लेन्समध्ये एक बारीक खूण उपयोगी पडते. अंतराच्या पट्टीवर इन्फिनिटीच्या आसपास एक छोटा दोन अंकी आकडा कोरलेला असतो, १६, १९ किंवा २२ असा. तो खऱ्या फोकल लेंग्थचा: १९ म्हणजे ५१.९ मिमी, २२ म्हणजे ५२.२. ‘५० मिमी’ हे नुसतं नाव. कॅम त्या आकड्याला धरून कापलेला असतो, त्यामुळे काचा एका लेन्सच्या आणि नळी दुसरीची असेल तर इन्फिनिटी जुळली तरी जवळचं चुकतं.

पाठीमागचा कॅम टॉर्चखाली फिरवून बघा. हलकी घासलेली चमक चालते. खोल चरा, घासून पडलेली पायरी, कोणी कानशीने घासल्याच्या आडव्या रेघा असतील तर लेन्स कोणीतरी आपल्या बॉडीला जुळवून घेतली आहे आणि तुमच्या बॉडीला ती जुळेलच असं नाही.

फिल्टर हाताने चढवून बघा. दोन फेरे सहज गेला तर ठीक. अडकला तर पुढची कड चेपली आहे, म्हणजे लेन्स पडली आहे. मग काचांचं केंद्र हललंय का हे बघणं आलंच.

बॉडीवर चाचणी

पहिली इन्फिनिटी. रिंग थांब्यापर्यंत फिरवा आणि किमान एक किलोमीटर लांबची उभी वस्तू बघा. मोबाइलचा टॉवर, उंच इमारतीची कड. खिडकीतल्या दोन प्रतिमा तंतोतंत एकावर एक याव्यात. समोरची गल्ली पुरत नाही. ५० मीटरवरची पाटी इन्फिनिटी नव्हे. पण एवढ्याने फक्त कॅम कळतो, काच नाही. काचेसाठी फेड-२ किंवा झॉर्की-४सारखी पाठ निघणारी बॉडी सोयीची: शटर बी-वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं ती खूण) उघडं ठेवून फिल्म सरकते त्या आतल्या दोन पट्ट्यांवर दुधी चिकटपट्टी ताणून लावा, आणि भिंगातून लांबची वस्तू त्या पट्टीवर धारदार येते का बघा.

दुसरी, १ मीटरची चाचणी; सगळा निकाल हिच्यात. टेबलावर टेप ४५ अंशांत तिरपी ठेवा, ५० सेंमीच्या खुणेशी कागदावर काळी जाड रेघ उभी करा. कॅमेरा स्थिर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, अंतर १ मीटर. रेघेवर रेंजफाइंडर जुळवून फोटो घ्या, रिंग इन्फिनिटीला नेऊन पुन्हा जुळवा, पुन्हा फोटो, असे तीन. ५० मिमी एफ/१.५ला या अंतरावर फोकसची खोली एकूण साडेतीन सेंमीच्या आसपास असते, एफ/२ला साडेचार. म्हणजे धार रेघेच्या चार सेंमी मागे किंवा पुढे गेली तर लपत नाही. तिन्ही फोटोंत धार वेगवेगळ्या जागी असेल तर ढिलाई. तिन्हींत एकाच बाजूला चुकली असेल तर जुळणी.

चूक दिसली तर आधी बॉडीवर संशय घ्या आणि दुसरी, भरवशाची लेन्स लावून तेच करा. ती बरोबर आली तर दोष या लेन्सचा. इन्फिनिटी आणि १ मीटर दोन्हीकडे चुकते: चकती किंवा माउंटचं अंतर. इन्फिनिटी बरोबर आणि जवळ चुकते: कॅम आणि फोकल लेंग्थ यांचा मेळ नाही. सोव्हिएत लेन्स लायकावर वापरणाऱ्यांना ही दुसरी तक्रार ओळखीची आहे. ज्युपिटर मुळात झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याच्या ५२.४ मिमी हिशोबावर बेतलेली आणि लायकाचा रेंजफाइंडर ५१.६ मिमी धरतो. एफ/५.६ला कोणाला कळतही नाही. एफ/१.५ला १ मीटरवर कळतं.

सोनार पद्धतीच्या लेन्स, म्हणजे ज्युपिटर-३ किंवा झाइसची सी सोनार ५० मिमी एफ/१.५, अ‍ॅपर्चर कमी करत जाताना फोकस मागे सरकवतात. हा त्या रचनेचा स्वभाव, मोडतोड नाही. म्हणून चाचणी एफ/१.५ आणि एफ/२.८ दोन्हींवर करा आणि कुठे बरोबर येतं ते लिहून ठेवा.

तिसरी, सपाट भिंत किंवा समोरची इमारत, अ‍ॅपर्चर एफ/२.८ किंवा ४. चार कोपरे एकमेकांशी ताडून बघा. चारही सारखेच मऊ असतील तर लेन्स तशीच आहे. एकच कोपरा फिसकटला असेल तर काच तिरकी बसली आहे. शेवटी खिडकी मागे ठेवून, किंवा दिवा चौकटीच्या जरा बाहेर ठेवून एक फोटो: सावल्या काळ्या राहतात की करड्या होतात. टॉर्चमध्ये दिसलेला हेझ किती त्रास देणार, हे इथे कळतं.

आपली रेंजफाइंडर बॉडी नसेल आणि मिररलेस कॅमेऱ्यावर अडॅप्टर लावून बघणार असाल, तर काचेबद्दल बरंच कळेल, कपलिंगबद्दल काहीच नाही. आणि दोन फसव्या गोष्टी लक्षात ठेवा. बरेच अडॅप्टर मुद्दाम जरा आखूड केलेले असतात, त्यामुळे लेन्स इन्फिनिटी ओलांडून जाते. तो लेन्सचा दोष समजू नये. आणि सेन्सरवरच्या जाड काचेमुळे २८ किंवा ३५ मिमीच्या जुन्या लेन्सचे कोपरे चिखलासारखे येतात. तीच लेन्स फिल्मवर कडेपर्यंत धारदार असते.

लांबून घेताना

जपानी विक्रेत्यांकडून घेणार असाल तर चार शब्द शिकून घ्या: कुमोरी म्हणजे धुरकटपणा, काबी बुरशी, किझु ओरखडा, बारुसामु-गिरे म्हणजे डिंक सुटलेला. ‘जांकु’ लिहिलं असेल तर परतावा नाही, हमी नाही. इंग्रजीत ‘एक्सलंट’पुढे अधिकच्या चिन्हांची रांग असली तरी ती शिडीची वरची पायरी नव्हे. ‘फोटोवर परिणाम नाही’ या वाक्याचा अर्थ ‘काहीतरी आहे’ असा लावावा.

फोटो मागायचे ते असे: मागून टॉर्च मारून पुढून एक, पुढून टॉर्च मारून मागून एक, अ‍ॅपर्चर एफ/११ला बंद करून एक, कॅमची पाठ, फिल्टरची कड, आणि अनुक्रमांक. अनुक्रमांक महत्त्वाचा अशासाठी, की बाकीचे फोटो त्याच लेन्सचे आहेत हे त्याच फ्रेममध्ये दिसायला हवं. जो विक्रेता टॉर्चचा फोटो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याशी भाव करण्यात वेळ घालवू नका.

भाव ठरवताना स्वच्छता आणि ग्रीसचा खर्च आधी तुमच्या शहरातल्या दुरुस्ती करणाऱ्याला विचारून तो वजा करा, कारण चाळीस-पन्नास वर्षांत न उघडलेल्या लेन्सला तो कधी ना कधी येणारच. फिल्टरचं मापही हिशोबात धरा: कॅनन ५० एफ/१.८ला ४० मिमी लागतो, ४०.५ नव्हे, आणि तो शोधत बसावं लागतं.

लेन्स घरी आली की पहिला महिनाभर ती बाकीच्या लेन्सपासून वेगळ्या हवाबंद डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांवर हवा. ६५च्या वर दिवसेंदिवस राहिला तर बुरशीला आमंत्रण. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरता येतं. सोबत मूळ चामडी केस मिळाली असेल तर ती शोकेसमध्ये ठेवा. जुनं चामडं ओल धरतं, त्यात लेन्स ठेवू नका.